चौकड्यांच्या शर्टांची सतरंजी

"मॅडम, अम्मी गेल्या…" रशीदाखालांच्या सुनेचा, नसरीनचा फोन आला तेव्हा मी राहुरीला मुलीकडे होते. मिळेल ती गाडी धरून मिरजगावला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. खालांचा चेहरा शेवटचा पाहायचा राहिला तो राहिलाच.

मी इथल्या शाळेत बदलून आले तेव्हापासून त्या आमच्या शेजारी. जुन्या कपड्यांची सतरंजी करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या, तीन-तीन पट्ट्यांची वेणी घालायची आणि ती वेणी मधून गोल गोल फिरवत दाभणानं टाचत न्यायची. कात्री त्यांना खपत नसे. "फाडलं की कापड आपल्या धाग्यानं जातंय… कात्री काय, कुठंबी जाती." मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. सतरंज्या संपल्या, असंच आम्ही सगळे धरून चाललो. चार महिन्यांनी पाहते तर बाई ओसरीवर बसलेल्या, वेणीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं आणि डावा हात तीन पट्ट्यांतून सरसर फिरतोय… मी दारातच खिळले. "बगताय काय, मॅडम? एक हात हाय की अजून!"

माझे यजमान गेले ते पुढच्याच वर्षी. बाजारात त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. चौकड्यांच्या शर्टाशिवाय दुसरं काही ते अंगाला लावत नसत. ते सगळे शर्ट मी पेटीत घालून कुलूप लावलं. खाला त्याबद्दल कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी मीच पेटी उघडली, तर शर्टांना कसर लागलेली, कॉलरी खाल्लेल्या. तो ढीग छातीशी धरून मी रडतच त्यांच्याकडे गेले. त्यांनी एकेक शर्ट मांडीवर घेतला आणि विचारलं, "ह्यो कवा घालायचे?" मी सांगत गेले… हा थोरलीच्या बारशाचा, हा दुकान उघडलं त्या दिवशीचा, हा उगाच, आवडला म्हणून घेतलेला. दुपार टळली तरी त्यांचं विचारणं संपेना. दोन वर्षांत माझ्या माणसाबद्दल मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यात खाली दवाखान्यातला शर्ट होता. तो त्यांनी बाजूला सारला. "ह्यो न्हाई घ्यायचा. ह्यो त्यांचा न्हवं, आजाराचा हाय." मग बारशाच्या शर्टाची एक बाजू स्वतः धरली, दुसरी माझ्या हातात दिली. "वढा तुमी." मी ओढलं. चर्र आवाज झाला, आणि इतके दिवस ज्याला मी भीत होते तसं काहीच झालं नाही.

पाऊसकाळ सरला तेव्हा सतरंजी झाली. मधोमध बारसं, मग दुकान, मग पुढची सगळी वर्षं, मी सांगितली तशी, त्याच क्रमानं. एकदा ऐकलेलं त्या बाईनं काहीही न लिहिता ध्यानात ठेवलं होतं! टाके असे एकसारखे की मी बोट फिरवत नुसती बघत राहिले. पाय ठेवायचा मला धीर होईना, तेव्हा त्या रागावल्या. "पेटीतनं काडून आता देव्हाऱ्यात ठिवताय व्हय? बसा!"

चाळिसावा झाल्यावर मी नसरीनकडे गेले. खालांच्या खोलीत भिंतीकडेला लोकांनी सतरंजीसाठी दिलेली जुन्या कपड्यांची गाठोडी तशीच रचलेली होती. कुणाचं कोणतं ते आठवत आम्ही ती परत करायला वेगळी काढत होतो. एवढ्यात ऊसतोडीवरून कालच परतलेली एक बाई दारात आली.

"खाला हायत का? आईची लुगडी आनलीत. आमी सीझनला गेल्तो, अन् हिकडं मागं आई गेली…"

नसरीननं तिला सांगितलं. बाई गाठोडं सावरत वळली. नसरीननं पुढं होऊन तिच्या काखेतलं गाठोडं काढून घेतलं. या सुनेनं आजवर एक पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती.

"मला येत न्हाई अजून," ती म्हणाली. "शिकावं लागंल… वेळ लागंल."

"लागू द्या की," म्हणत ती बाई उंबऱ्याशी टेकली, आणि नसरीननं परत द्यायला काढलेली गाठोडी एकेक करून पुन्हा भिंतीकडेला लावली.