उस्मान शेखचं टोकन

उस्मान गेल्याचा फोन आमच्या टाइम ऑफिसात आला, तेव्हा मी जेवायच्या सुट्टीत होतो. चाकणहून त्याच्या मुलाने, रफीकने केला होता. "उस्मान शेख गेले, बीएसाहेबांना सांगा," एवढाच निरोप. फोनवर आमचा नवा क्लार्क होता. त्याने नाव तेवढं ऐकलं, कार्डांचं कपाट उघडून खण चाळला आणि म्हणाला, "या नावाचा कामगार आमच्याकडे नाही." फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याला ते सहज आठवलं, म्हणून मला कळलं. तोवर उस्मानला माती देऊन झाली होती. मी त्या क्लार्कला काही बोललो नाही. त्याचं काय चुकलं? कार्ड खरंच नव्हतं. ते कपाटातून काढणारे हात माझे होते.

पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली. जुने खेळाडू जमले होते. त्या काळचे आमचे पर्सोनेल ऑफिसर, आता निवृत्त झालेले, मुद्दाम पुण्याहून आले. हार घातलेल्या फोटोकडे हात करून म्हणाले, "उस्मान हा आपल्या कारखान्याच्या कुटुंबातला माणूस होता." लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठून उभं राहायला हवं होतं. उठलो नाही. त्या न उठण्याची लाज दीड महिना अंगावर वागवतोय, आणि आज हे लिहायला बसलोय.

कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्या पायासाठी माझ्या बापाने दगड फोडले होते. त्याच कारखान्यात मी शर्ट खोचून टाइम ऑफिसात बसलो. आमच्या आकुर्डीच्या वस्तीतला पहिला बीए. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे, आणि तो मी लपवत नाही. इंग्रजी पत्र लिहिता येतं म्हणून कारखान्याच्या फुटबॉल टीमचं सेक्रेटरीपणही माझ्याकडे आलं. चेंडूला मी आयुष्यात पाय लावलेला नव्हता. पहिल्याच दिवशी उस्मान नावाच्या एका उंच, काटक माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बीए झालास व्हय? मग ऑफसाइड काय असतं सांग." मला सांगता आलं नाही. तेव्हापासून अख्ख्या टीममध्ये माझं नाव बीए पडलं, ते पडलंच.

उस्मानचे वडील चाकणच्या कांदा बाजारात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे ठोकायचे. तो मात्र वाढला दिघीला मामाकडे. तिथे लष्कराचे जवान संध्याकाळी फुटबॉल खेळत, त्यांच्यात घुसून अनवाणी खेळत तो शिकला. आमच्याकडे सेंटर हाफला खेळायचा. पळायचा कमी, बोलायचा जास्त. आमचा लेफ्ट बॅक पुढे जाऊन रेंगाळला की मैदानभर आवाज घुमायचा, "आरं ए, माघारी ये की... तिथं काय सासर हाय तुझं?" बघायला आलेले लोक हसायचे, पण लेफ्ट बॅक माघारी यायचा. उस्मान मागे उभा आहे म्हटलं की आमचा गोलकीपर निवांत पान लावत बसेल, असं आम्ही म्हणायचो.

त्याला कामावर घेतलं ते खेळाडू म्हणून, पण कागदावर तो मशीन शॉपमधला बदली हेल्पर. बदली कामगार सलग जास्त दिवस कामावर राहिला तर कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. म्हणून दर काही महिन्यांनी त्याला आठ दिवस कमी करायचं आणि नव्या कागदावर परत घ्यायचं. याला आम्ही ब्रेक म्हणत असू. ब्रेकची पत्रं मीच टाइप करायचो. उस्मानला आमच्या त्या पर्सोनेल ऑफिसर साहेबांनी शब्द दिला होता, "टीमला वरच्या डिव्हिजनला न्या, कायम करतो." म्हणजे दुसऱ्यांची भाकरी मशीनवर ठरायची, याची पुण्याच्या लीगच्या तक्त्यावर.

तिसऱ्या हंगामात त्याने टीम वर नेली. कंपनीच्या ट्रकमध्ये उभे राहून आम्ही पुण्याहून गात आलो. साहेबांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "वर जाणं सोपं असतं. आता टिकून दाखवा, मग बघू." पुढच्या वर्षी आमचे तिघे चांगले खेळाडू शेजारच्या कंपनीने कायम नोकरी देऊन उचलले आणि आम्ही खाली आलो. बोलावणं उस्मानलाही होतं. मी त्याला हात जोडून सांगितलं, "जा बाबा, तिथे कागद मिळतोय." तर म्हणतो, "तू शिकलेला मानूस, तुला कागद लागतो. मला हितं शब्द दिलाय त्यांनी." मला त्याचा इतका राग आला... तो राग अजून गेलेला नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो.

दोन वर्षं खालच्या डिव्हिजनला काढून टीम पुन्हा वर गेली. या वेळी टिकायचंच, या जिद्दीने तो खेळत होता. हंगामाच्या मध्ये त्याचा ब्रेक आला की एक अडचण व्हायची. मैदान कारखान्याच्या आवारात, आणि गेटवर पितळी टोकन दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. ब्रेकमध्ये टोकन टाइम ऑफिसात जमा करायचं असतं. मी जमा करून घेत नसे. रजिस्टरमध्ये 'जमा' लिहायचो आणि टोकन त्याच्याच खिशात ठेवायचो. तो सरावाला यायचा, कॅन्टीनमध्ये आमच्याबरोबर चहा प्यायचा, वॉचमन त्याला सलाम ठोकायचा. तो आठ दिवस कामावर नाही, हे गेटपासून मैदानापर्यंत कुणाच्याही डोक्यात नसायचं. माझ्याही नसायचं, आणि पत्र तर मीच टाइप केलेलं असायचं.

शेवटची मॅच अशाच एका ब्रेकमध्ये आली. छावणीतल्या एका जुन्या क्लबशी गाठ होती. जो हरेल तो खाली जाणार. संपायला पाच मिनिटं असताना कॉर्नरवर उस्मान उंच उडाला आणि डोक्याने चेंडू आत घातला. आम्ही जिंकलो. त्याने मला उचलून घेतलं आणि कानात म्हणाला, "बीए, झालं रं काम. आता कायम." त्याच्या चड्डीच्या खिशातलं टोकन माझ्या मांडीला टोचत होतं.

चार दिवसांनी असोसिएशनचं पत्र आलं. हरलेल्या क्लबने तक्रार केली होती. कंपनीच्या टीमकडून फक्त कंपनीचे कामगारच खेळू शकतात, हा लीगचा नियम. मॅचच्या तारखेला उस्मान शेख तुमच्याकडे कामावर होता का, एवढाच प्रश्न. पत्र घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, एक उपाय आहे. हा ब्रेक रद्द करा. तो कामावर होता असं होईल, टीम वर राहील." साहेबांनी चष्मा काढला आणि शांतपणे मला समजावून सांगितलं. ती शांतता आठवली की आजही डोकं तापतं.

"ब्रेक रद्द केला तर त्याची नोकरी सलग धरली जाईल. उद्या तो कायम करा म्हणून दारात उभा राहील."

"पण साहेब, तुम्ही शब्द दिला होता..."

"टीम काय, खाली जाते, वर येते. लिहा, कामावर नव्हता. इंग्रजी नीट असू दे."

म्हणजे टीम बुडाली तरी चालेल, पण तिला वर काढणारा माणूस कायम होता कामा नये. सात वर्षं त्याला ज्या टीमच्या नावाने पळवलं, तिची किंमत एवढीच होती. आणि मी काय केलं? टाइप केलं. इंग्रजी नीट होतं. एकही खाडाखोड नव्हती. त्या दिवशी म्हातारा बाप घरी खाटेवर बसून होता, त्याच्याकडे मला बघवलं नाही.

मॅच आमच्या विरुद्ध दिली गेली. आम्ही खाली गेलो. आठ दिवस संपल्यावर उस्मान गेटवर आला, तर त्याच्यासाठी नवा कागद नव्हता; त्याचं कार्डही साहेबांच्या हुकमावरून मी कपाटातून काढलेलं होतं. साहेबांनी नोटीस बोर्डावर लावलं, की खेळाडूने आपली स्थिती लपवल्यामुळे टीमला कमीपणा आला. लपवल्यामुळे! मी धावत गेटवर गेलो. तो बाहेर दगडावर बसला होता. मी सगळं सांगितलं, पत्र कुणी टाइप केलं तेही. तो म्हणाला, "टायपिंगमधी चूक तर न्हाई ना झाली, बीए?" आणि उठून चालू लागला. टोकन तो विसरला, मीही मागितलं नाही. कागदावर ते जमाच होतं.

त्याने चाकणला कांद्याच्या ट्रकसाठी गॅरेज टाकलं. वर्षभर मला तिकडे जायचं धाडस झालं नाही. गेलो तेव्हा त्याने हात पुसत एक पत्र्याचा डबा उलटा करून बसायला दिला आणि पहिला प्रश्न केला, "आपली टीम कुठं हाय?" आपली! मी भडकलो. म्हटलं, "तुला शिव्या देता येत नाहीत का? मला दे, साहेबाला दे." तो म्हणाला, "दिल्या असत्या राव. पर तू परत आला नसतास मग." पुढे दर दोन-तीन महिन्यांनी मी जात राहिलो. टीम खालीच राहिली, पुढे बंद झाली. मैदानावर आता तयार मालाची शेड आहे. हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. "दुसऱ्या डिव्हिजनला आहे," असं सांगत राहिलो. "येतील वर," तो म्हणायचा.

तो गेला त्या दिवशी सकाळी एका ट्रकखालीच त्याच्या छातीत कळ आली. त्याच ट्रकमधून त्याला पिंपरीकडे घेऊन निघाले. वाटेतच...

मागच्या रविवारी गॅरेजवर गेलो. आता रफीक बघतो ते. पान्यांच्या फळीशेजारी दाराच्या चौकटीत एक खिळा आहे, त्याला टोकन लटकत होतं. पितळ हाताळून गुळगुळीत झालेलं, नंबर मात्र वाचता येत होता. इतकी वर्षं मी तिथे बसायचो, पण दाराकडे पाठ करून. रफीक म्हणाला, "अब्बा सकाळी आले की खिशातनं काढून अडकवायचे, घरी जाताना परत खिशात. त्या दिवशी काढायचं राहिलं." मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "चाचा, कंपनीचं हाय ना हे? परत करायचं असंल तर घेऊन जावा."

मी म्हटलं, "रजिस्टरमध्ये ते केव्हाच जमा आहे. कुणी मागायला आलं तर माझं नाव सांग. पण तिथून काढू नकोस."

आमच्या टाइम ऑफिसात मोठा फळा आहे, त्यावर नंबर घातलेले खिळे. आत आलं की टोकन अडकवायचं, जाताना काढून न्यायचं. इतकी वर्षं मी त्या फळ्यासमोर बसतो. खिळ्याला टोकन आहे म्हणजे माणूस कामावर आहे... हे मला कुणा साहेबाने येऊन सांगायला नको.