प्रबंध आधी कोणाचा

२२ फेब्रुवारी. मनीषनगरच्या घरी रंगकाम काढलंय, म्हणून नोकरीतल्या डायऱ्या आज रद्दीसाठी वेगळ्या करत होते. एक मात्र टाकवली नाही. तिच्यातलं एक प्रकरण निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही.

तेव्हा मी नागपुरातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. एका प्राध्यापकाने तक्रार अर्ज दिला: दुसऱ्या महाविद्यालयातल्या शिक्षकाने माझा पीएच.डी.चा प्रबंध चोरून पदवी मिळवली. अर्जाला दोन्ही प्रबंधांची पानं जोडली होती, शब्दशः सारखी. विद्यापीठांचे प्रबंध जिथे ऑनलाइन ठेवतात, तिथे मी दोघांची नावं शोधली. अर्जदाराच्या नावापुढे आधीचं वर्ष, शिक्षकाच्या नावापुढे नंतरचं. दहा मिनिटांत माझा चोर ठरला.

“आजच बोलवा, मॅडम,” अर्जदार म्हणाला. आजच का, हे मी विचारलं नाही.

शिक्षक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात फाईल घेऊन आले.

“मॅडम, मले बारा वाजता प्राचार्यपदाची मुलाखत आहे. संध्याकाळी येतो, पाहिजे त लिहून देतो.”

“चोरीच्या पदवीवर प्राचार्य व्हायला निघालात? बसा.” ठाण्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. मी साइटवरची वर्षांची यादी त्यांच्यापुढे केली.

“तुम्ही नुसती यादी पाहून राहिल्या. आतली फाईल उघडून त पाहा.”

“पोलिसांना तपास शिकवू नका.”

ते सारखं घड्याळ बघत होते. दोषी माणूस अस्वस्थ असतो, हा माझा जुना आडाखा. तोच लावला.

दोन वाजता जबाब टाइप करणारी महिला शिपाई म्हणाली, “मॅडम, मी साइटवरची यांची फाईल उघडली. हे बघा न.”

शिक्षकांचा टाइपरायटरवरचा प्रबंध. मार्गदर्शकाची सही, खाली तारीख. अर्जदाराच्या प्रबंधाच्या कितीतरी आधीची. यादीतलं त्यांच्या नावापुढचं वर्ष पदवीचं नव्हतंच. जुने कागद स्कॅन करून साइटवर चढवले, त्याचं होतं. गुन्हा घडल्याची तारीख वेगळी, नोंदवल्याची वेगळी, हे मी नव्या शिपायांना ओरडून शिकवत असे.

अर्जदाराला परत बोलावलं. अर्ध्या तासात कबूल झाला: प्रबंध त्यानेच उतरवला होता, आणि त्या प्राचार्यपदासाठी तोही उमेदवार होता. वर म्हणाला, “मी त फक्त अर्ज दिला, मॅडम. बसवून तुम्ही ठेवलं.”

खरं होतं.

“मी जाऊ का आता?” शिक्षकांनी विचारलं. मी “जा” म्हटलं. माफी तेव्हा तोंडातून निघाली नाही.

प्राचार्य नेमणाऱ्या संस्थेने त्यांची हुकलेली मुलाखत पुन्हा घेतली नाही. हे आधीच सांगते, पुढचं वाचून कोणी माझं कौतुक करू नये म्हणून. खात्री पटली की मी बघणं थांबवते, हे मला त्या दिवशी कळलं. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणवेशात त्या संस्थेच्या कार्यालयात गेले. शिक्षक निर्दोष आहेत, काल त्यांना थांबवून ठेवण्याची चूक माझी, असं सहीनिशी लिहून नेलं होतं.

“ठेवून जा, साहेबाले देतो,” कारकून म्हणाला. मी शिक्क्यासह पोच घेतली.

तिथून शिक्षकांच्या महाविद्यालयात गेले. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

“माझा तास आहे,” म्हणाले, आणि हजेरीपट उचलून वर्गाकडे गेले.