डाव्या पायडलाचे आटे

सायकलीचं डावं पायडल तुटलं तेव्हा माझी मुलगी नववीत होती. रबर निघून पडलं आणि नुसती लोखंडी खुंटी उरली. आष्टीच्या शाळेपर्यंत चार किलोमीटर ती त्या खुंटीवर पाय ठेवून जायची. दोनदा पाय घसरून नडगी सोलली, तेव्हा कुठं नवऱ्यानं नवं पायडल आणलं.

"मिस्त्रीकडं कशाला न्यायची? मीच बसवतो," रविवारी सकाळी तो म्हणाला.

तो शाळेत क्लार्क. पाना त्यानं कधी हातात धरला नव्हता. मी मात्र पान्यांतच वाढले. माझ्या बापाचं शहागडला हायवेच्या कडेला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच. पंक्चर काढणं, चेन बसवणं, सगळं यायचं मला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्यानं बजावलं, "पंक्चरवाल्याची अक्कल या घरात चालवायची न्हाई."

एकदा बाप मला भेटायला आलता. नवऱ्याच्या शाळेतले लोक जेवायला बसलेले. बापही पंगतीला बसला, तर नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, हात धुऊन या." बाप धुऊन आला. नखांतलं ग्रीस असं जात नसतं. नवऱ्यानं हात बघितले. "पुन्हा धुवा. लोकं जेवून राह्यलेत." बाप मोरीत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी भाजी वाढत होते. नंतर बघितलं तर मागच्या दारातल्या त्याच्या चपला नव्हत्या. परत तो माझ्याकडं कधी जेवला नाही.

तर त्या रविवारी नवऱ्यानं सायकल अंगणात घेतली, खुंटीला पाना लावला आणि डावीकडं जोर लावला. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. बाकी सगळे नट डावीकडं फिरवून सुटतात, हे एकटं उजवीकडं फिरवावं लागतं. नवरा जोर लावत होता तसं ते आणखी आवळत होतं.

मी ओट्यावर मेथी निवडत होते. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं.

"गंजलंय," तो म्हणाला. मी डिझेल आणून दिलं. "जरा दम धरा, मुरू द्या," एवढंही म्हणाले.

पाना निसटला आणि बोटांची सालं निघाली. रक्त बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मुलगी जवळ आली. "आई, तू बघ ना. तुला येतं ना हे?"

"तुझे पप्पा करून राह्यले ना. त्यांना बराबर कळतं."

मंग जोर वाढावा म्हणून त्यानं पान्याच्या मुठीवर लांब पाइप चढवला. पायडल ज्यात बसतं त्या दांडीतून करकर आवाज आला. मला कळलं, आटे चालले. तेव्हासुद्धा मी गप्प बसले. शेवटी त्यानं हातोडा घेतला. दांडी वाकली, खुंटी तिथंच. घामानं निथळत तो खाली बसला. मी निवडलेली मेथी उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी तो आष्टीला मिस्त्रीकडं सायकल घेऊन गेला. संध्याकाळी आला तो सरळ माझ्यासमोर.

"मिस्त्री हसला मला. गिऱ्हाइकांसमोर. आटे उलटे असतात म्हणे. तुला माहीत होतं?"

"होतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"या घरात चालत न्हाई ना."

 त्याचा उतरलेला चेहरा मी डोळे भरून बघितला. मागं मुलगी उभी होती, हे मला नंतर दिसलं.

सायकल तशीच मिस्त्रीकडं पडून राहिली. नवरा हट्टानं आणायला जाईना आणि मीही विषय काढला नाही. मुलगी सव्वा महिना पायी गेली. भर उन्हात घरी यायची, दप्तर टाकायची आणि आपल्या हातानं पाणी घेऊन प्यायची. मी तांब्या पुढं केला तरी घ्यायची नाही.

एकदा तिच्या टाचेला आलेल्या फोडाला हळद लावायला बसले, तर तिनं पाय ओढून घेतला.

"पप्पांना माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुला होतं."