शेपटीला डोळे आले!

मंडळी, जिंकले! आज सकाळी शेपटीला डोळे आले.

मी शहाद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गाला दाखवायला ओढ्यातल्या दगडाखालचा प्लॅनेरिया आणला. नखाएवढा चपटा किडा. प्रत्येक तुकड्याचा पुन्हा पूर्ण किडा होतो हे दाखवायला ब्लेडने त्याचे दोन तुकडे केले आणि ते पाण्याच्या डबीत घालून डबी घरी माठाशेजारी गारव्याला ठेवली, कारण आपल्याकडच्या उन्हात तो दुसरीकडे कुठे टिकलाच नसता.

सासूबाई भडकल्या. "पानीना माठजोडे कीडा? आनि शेपूटले कधी डोकं फुटस का? फेकी दे!" रोज तेच. रविवारपर्यंतची मुदत मी कशीबशी मिळवली.

आज रविवार. मी चहा ठेवत होते, तेवढ्यात त्यांची हाक आली, "माय वं! हाऊ ते मन्हाकडे देखी ऱ्हायना!"

कोण बघतंय म्हणून धावले. डोक्याच्या तुकड्याला शेपटी आली होतीच, पण आता शेपटीलाही नवं डोकं होतं आणि त्यावर दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे! मी ओट्यापाशीच नाचले.

दुपारपर्यंत सासूबाईंनी अख्खी गल्ली बोलावून दोन्ही किडे दाखवले. उद्या डबी शाळेत नेते म्हटलं, तर म्हणाल्या, "नही. दोन्ही मन्हा शेतस." म्हणजे दोन्ही किडे आता त्यांचेच!

आता अख्खा वर्गच आमच्या माठापाशी आणू का?