सहा फर्म्यांचं पुस्तक

नव्वदीच्या सुरुवातीला भाईंदर पूर्वेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका खोलीचं वाचनालय होतं. दोन कपाटं, एक लांब बाक आणि ग्रंथपाल बाई. बाई मूळच्या मराठवाड्यातल्या. पाच वर्षं हंगामी होत्या. "जिल्ह्याच्या साहेबांनी चांगला शेरा दिला तर कायम होईन," असं त्या आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्या. मी काशीमिऱ्याच्या एका गोदामात मालाची नोंद ठेवायचे आणि संध्याकाळी त्यांच्या मदतीला खाली उतरायचे.

त्या वर्षी राज्यभर एक उपक्रम निघाला. वस्तीतल्या सगळ्या मुलांनी महिनाभरात एकच पुस्तक वाचायचं, मग लेखिका गप्पा मारायला येणार. आमच्या वाट्याला दोन प्रती आल्या, त्याही परत करायच्या बोलीवर. बाईंनी फळ्यावर लिहून टाकलं, 'मागेल त्या घराला मिळेल.' एक्केचाळीस घरांनी नावं दिली.

मी गणित मांडलं. दोन प्रती, एका घरात दोन दिवस, तीस दिवसांत तीस घरं.

"अकरा घरं राहतात, बाई."

"मग त्यांना नाही म्हणून तूच सांगून ये," बाई म्हणाल्या.

ते मला जमणार नव्हतं. मी पुस्तक हातात घेऊन पाहिलं. शहाण्णव पानं, सोळा पानांचा एक असे सहा फर्मे, दोऱ्याने शिवलेले. शिवण उसवली तर दोन प्रतींचे बारा तुकडे. रोज एका घरात एक तुकडा. बारा घरांचं वाचन सहा दिवसांत संपतं. चोवीस दिवसांत अठ्ठेचाळीस घरं, आणि परत शिवायला सहा दिवस शिल्लक.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "अगं, पण मग कुणाला शेवटच आधी मिळेल की."

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "हिशोब बरोबर आहे."

"साहेबांना कळलं तर माझी नोकरी गेली," असं म्हणत बाईंनीच कात्री पुढे केली.

दुसरा फर्मा 'तिने दार उघडलं तर समोर' इथे संपत होता. वाक्य अर्धंच. पुढचा तुकडा मिळेपर्यंत कोण थांबणार? पोरं जिने चढून घरोघर विचारत फिरायला लागली. शेजारच्या गुजराती बेन सकाळी दारात येऊन म्हणायच्या, "भाभी, आज हमारा कौनसा टुकडा है? और सामने कौन था, वो तो बता दो, बेबी सोने नहीं देती." मी सांगायचे नाही. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने, जिने तिसरा फर्मा आधी वाचला होता, जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "शेळी होती! हरवलेली शेळी!" त्यावर चार जणांनी तिच्याशी अबोला धरला.

सहा दिवसांत आम्ही दोघींनी पुस्तकं शिवली. शिवण वाकडी आली. एका पानावर हळदीचा अंगठा उमटला होता, तो काही निघाला नाही.

लेखिका आल्या, बरोबर जिल्ह्याचे ग्रंथपाल. साहेबांनी पहिली प्रत उघडली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. "हे काय केलंत?"

बाई उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "साहेब, उसवायचं मी सुचवलं. गणित माझं होतं."

"परवानगी बाईंची होती ना?"

लेखिकेने ती प्रत आपल्याकडे ओढली, हळदीचा अंगठा पाहिला आणि मुलांना विचारलं, "कोणी कुठून वाचलं रे?" चारी बाजूंनी उत्तरं आली: चौथ्यापासून! शेवटापासून! "अरे देवा, माझ्या गोष्टीचं पार वाटोळं केलंत की! बरं, दार उघडलं तर समोर?"

"शेळी!" अख्खी खोली ओरडली.

साहेब थोडे सैलावले. त्यांनी पेन काढलं. "किती घरांनी वाचलं? एक्केचाळीस लिहू?"

बाईंची मान हलली. माझ्या जिभेला मात्र राहवलं नाही. "अडतीस, साहेब. दोन घरं मध्येच गावाला गेली, एका घरात गोवर आला." बाईंनी मला असा चिमटा काढला की दोन दिवस दंड निळा होता.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, अडतीस लिहिलं आणि वही मिटली. शेरा काय दिला, ते कळलं नाही. पुढचे चार महिने बाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. पोस्टमन दिसला की त्यांचा हात थांबायचा.

मग पत्र आलं. त्यात दोनच ओळी होत्या. पहिली, सेवेत कायम करण्यात येत आहे. दुसरी, यापुढे पुस्तकांची शिवण उसवू नये.

बाईंनी ते पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होतं. नवं पुस्तक आलं की त्या आधी फर्मे मोजायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या.