जांभळ्या ओढ्याचा दावा

कोर्टात कागद वाळवी खाते, किस्से मात्र तारखेगणिक वाढतात. सोलापूरच्या वकिलांच्या बाररूममध्ये सत्तरच्या दशकात चहा प्यालेल्या कुणालाही विचारा. आमच्या ओढ्याच्या दाव्याचे तर इतके साठले, की निकालपत्र त्यापुढं पातळ वाटावं.

अक्कलकोट रोडच्या बाजूला सूत रंगवायचं एक डाईंग निघालं. त्याचं पाणी ओढ्यात, आणि ओढ्याचं झिरपून गावच्या आडात. म्हाळाप्पा मेंढरं राखायचे. त्यांची कोकरं एकापाठोपाठ एक मेली, तेव्हा गावानं त्यांना पुढं केलं आणि ते माझ्याकडं आले. मी त्यांचा वकील.

*

पहिल्याच तारखेला म्हाळाप्पांनी पुरावा आणला. गुडघ्यापर्यंत जांभळी झालेली मेंढी!

शिरस्तेदार हैराण. "वकीलसाहेब, हिच्यावर निशाणी नंबर कुठं टाकू?"

जज्जसाहेब म्हणाले, मेंढी न्या, फोटो दाखल करा. स्टुडिओवाल्याला बोलावून फोटो काढला. सुरेख आला. मेंढीचा एकेक केस मोजून घ्यावा.

फक्त ब्लॅक अँड व्हाइट होता.

*

मग आडातलं पाणी बाटलीत भरून, सील करून पुण्याला सरकारी प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं : आपण नजरचुकीनं शाई पाठवली आहे, कृपया पाण्याचा नमुना पाठवावा.

मला वाटलं, जिंकलो. पण डाईंगचे वकील कामत शांतपणे उठले. "माय लॉर्ड, सरकारी तज्ज्ञच सांगतात की हे पाणी नाही. मग पाणी दूषित झालं, हा प्रश्न येतोच कुठं?"

*

डाईंगचे मालक स्वभावानं दिलदार. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये आम्हा विरोधकांनाही चहा पाजायचे. ऑर्डर देताना हळूच विचारायचे, "पाणी कुठलं आहे? आपल्या रोडचं नाही ना?"

*

शेवटी जज्जसाहेब स्वतः ओढा बघायला आले. पाणी दुधासारखं पांढरं! मालक हात जोडून म्हणाले, "आज ब्लीचिंगचा दिवस आहे, साहेब."

ओढ्याच्या काठाला गाळ होता, जुना. कामत त्यावरून घसरले. बाहेर आले तेव्हा पांढरी पँट मांडीपर्यंत जांभळी.

पुढच्या तारखेला त्यांनी युक्तिवाद केला की रंग साध्या पाण्यानं निघून जातो. मी एवढंच विचारलं, "पँट कुठाय?"

"धोब्याकडं आहे," ते म्हणाले. दावा संपेपर्यंत ती धोब्याकडंच होती.

*

निकाल आमच्या बाजूनं लागला. ओढ्यात पाणी सोडायला मनाई झाली, पुढं आड उपसून साफ केला. पण दावा फिरला तो एका साक्षीमुळं, आणि तो साक्षीदार मालकांचा होता.

कामतांनी डाईंगमधला एक कामगार पिंजऱ्यात उभा केला. शिवाप्पा. म्हाळाप्पांचा थोरला मुलगा! बापलेक एकाच सायकलवरून कोर्टात आले होते.

शिवाप्पानं शपथेवर सांगितलं, "आडाचं पाणी चांगलं हाय."

मी उलटतपासाला उठलो. "तुम्ही कामावर जाताना पाणी नेता?"

"व्हय. घरनं."

"म्हणजे आडाचं?"

"न्हाय. आई मळ्यातल्या विहिरीवरनं आणती. लई लांब हाय."

"आडाचं चांगलं आहे, तर आई एवढ्या लांब का जाते?"

त्यानं मालकांकडं बघितलं, मग बापाकडं. कपाळावरून घाम गळायला लागला. मी सोडलं नाही. आवाज चढवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणखी एकदा विचारला.

"आडाच्या पाण्यानं तिचं हात सोलत्यात," तो खालच्या मानेनं म्हणाला.

जज्जसाहेबांनी ते लिहून घेतलं. कामतांनी फाईल मिटली.

बाहेर लिंबाखाली बापलेक एकाच डब्यातली भाकरी खात बसले होते. मी खुशीत जवळ गेलो. म्हाळाप्पा हात धुऊन उठले, मला जरा बाजूला घेतलं आणि म्हणाले,

"साहेब, पोराला लई घाम फुटला की. जरा दमानं विचारायचं."