बाबांच्या हातून सुरू न होणारी गाडी

माझ्या हातून गाडी एका चावीत सुरू व्हायची. बाबा बसले की कधी व्हायची, कधी नाही. सकाळी ठीक, संध्याकाळी ढिम्म. स्टार्टर साधा हूं की चूं करायचा नाही.

मिलची नोकरी सुटल्यावर बाबांनी वीस वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या. घरची गाडी हातात आली ती सत्तरी उलटल्यावर, मी घेतली तेव्हा. त्यांची एकच इच्छा होती, गणपतीला ती स्वतः चालवत गावी न्यायची.

आणि मी मुलखाचा तापट. घोडपदेवच्या आमच्या गल्लीत गाडी तिरकी अडकली, मागे हॉर्न सुरू झाले, की मी बॉनेट उघडून तिथूनच ओरडायचो, "बाबा, चावी नीट फिरवा हो!" बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, रिलेही बदलला. दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच.

"गाडी माका वळखणा नाय रे," बाबा हसून म्हणायचे.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी माझं डोकंच फिरलं. चारचौघांसमोर बोलून गेलो, "गाडीला काही झालेलं नाही. तुम्हालाच आता जमत नाही. गावाचं विसरा." त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि कठडा धरून जिना चढले. कठडा कधीपासून धरायला लागले, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

गणपती झाल्यावर लालबागच्या एका गॅरेजमध्ये दोघं गेलो. मेकॅनिकने बॉनेटला हातही लावला नाही. बाबांना सीटवर बसवलं आणि स्वतः दाराशी उकिडवा बसला.

"काका, क्लच दाबा. अजून."

"दाबलाय ना!"

पेडल अजून दोन बोटं वरच होतं. त्याने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून खाली रेटलं, चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"दादा, या गाडीत क्लच पूर्ण गेल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाय," तो मला हळूच म्हणाला. "काकांचा पाय दाखवून घ्या."

कमरेतली नस दबली होती. ऑपरेशन झालं. पण पायातलं गेलेलं बळ आता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

बाबांनी मला सांगितलं होतं हो! "डाव्या पायातली चप्पल निसटता रे," असं स्वच्छ सांगितलं होतं. मी पट्ट्याचे सँडल आणून दिले आणि स्वतःवरच खूश झालो.

यंदा गावी गाडी मी नेली. बाबा शेजारी बसले. निघताना म्हणाले, "क्लच पुरो दाब हां." चिडवत नव्हते, सवयीने सांगत होते. मी खाली बघितलं. त्यांच्या पायात तेच सँडल होते. उजवा नव्यासारखा, डाव्याचं टोक रस्त्याला घासून पार झिजलेलं. गेल्या वर्षी आठ महिने मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो, आणि हा सँडल रोज आमच्या दाराशीच असायचा.